काळ्या मातीतला गुलाबी रंग



महाबळेश्वर-पाचगणीला सहलीला गेलेली माणसं परतताना स्ट्रॉबेरीचा जॅम आणतात, चणे आणतात आणि ज्यांना झाडांचा नाद असतो ती काळ्या प्लास्टिकच्या पिशवीतलं एक रोपही आणतात. हायड्रेंजियाचं. चेंडूएवढा निळा गुच्छ पाहून कोणाचंही मन फिरतं. ते रोप मांडीवर बसून एसटीनं यवतमाळला येतं, तिथून आमच्या पांढरकवड्याला. पहिला उन्हाळा त्यानं काढला, तर पुढच्या मोसमात फुलतं आणि फूल निघतं गुलाबी. घरचे म्हणतात, रोपवाटिकेवाल्यानं फसवलं. आज मला त्या रोपवाटिकेवाल्याची बाजू मांडायची आहे.

या झुडपात निळ्यासाठी एक आणि गुलाबीसाठी दुसरं असं काही नसतं. रंगद्रव्य एकच. ते निळं दिसायचं की गुलाबी, हे झाडानं मातीतून उचललेलं अॅल्युमिनियम ठरवतं. महाबळेश्वरची माती जांभ्याची. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस तिच्यातला चुना धुऊन नेतो. मातीचा सामू साडेपाचाच्या खाली गेला, की अॅल्युमिनियम विरघळतं, मुळांवाटे वर चढतं आणि फूल निळं होतं. आमची रेगडी त्याच सह्याद्रीसारख्या काळ्या दगडाची लेक, पण पाऊस नऊशे-हजार मिलिमीटर. चुना जागच्या जागी राहतो, खणलं की चुनखडीचे खडे हाताला लागतात. सामू साडेसातच्या वर, कुठे साडेआठपर्यंत. अॅल्युमिनियम या मातीतही आहे. पण बंद पेटीतल्या दागिन्यासारखं. शेतीची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी, असं आपण म्हणतो. त्या पांढरीत तर पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख आणि भिंतींचा चुना मुरलेला. अंगणात निळं फूल यावं कसं?

हौशी लोकांनी यावर तोड काढली आहे. पाच लिटर पाण्यात चमचाभर तुरटीची पूड विरघळवून कळ्या धरण्याआधीपासून पंधरवड्यातून एकदा द्यायची. तुरटीत अॅल्युमिनियम असतं आणि ती मातीही आंबट करते. मात्र त्याच कुंडीत कपाशीचं उरलेलं डीएपी टाकलं, तर सगळी मेहनत वाया. स्फुरद अॅल्युमिनियमला धरून ठेवतं. पांढऱ्या फुलांची जात असेल, तर तुरटी घाला की गूळ घाला, ती पांढरीच फुलणार. आणि तुरटीचा हात सैल सोडला तर मुळं जळतात. मला स्वतःला हा खटाटोप पटत नाही. पांढरकवड्यात गुलाबी फुललेलं झाड पांढरकवड्याचं झालं, असं मी समजतो. तुम्ही उर्दूत का लिहीत नाही, असं मला अजूनही मुशायऱ्यात कुणीतरी विचारतं. मी काय उत्तर देणार? मुळं जिथे आहेत तिथलंच पाणी वर चढतं.

या फुलाला प्रवासाची सवय जुनी आहे. मूळचं ते जपानचं. झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर १८२३ मध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच व्यापाऱ्यांच्या वखारीत नोकरीला आला. तिथे ताकी नावाच्या स्त्रीशी त्याचा संसार जुळला, १८२७ मध्ये मुलगी झाली. जपानचे नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून १८२९ मध्ये त्याला हद्दपार केलं. बायको आणि मुलगी मागेच राहिल्या. युरोपात परतून त्यानं जपानच्या वनस्पतींवर ग्रंथ काढला, त्यात एका हायड्रेंजियाला नाव दिलं ‘ओताक्सा’. ओ-ताकी-सान, म्हणजे ताकीबाई. पुढे शास्त्रज्ञांनी ते नाव मानलं नाही, पण नागासाकी शहराचं अधिकृत फूल आज हेच आहे. ती मुलगी, इने, पाश्चात्त्य वैद्यक शिकून डॉक्टर झाली.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न रंगाचा नाही, पाण्याचा आणि उन्हाचा. नवतप्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, नळ एक-दोन दिवसांआड येतो, आणि या झाडाची पानं तळहातापेक्षा मोठी, सतत पाणी उडवणारी. म्हणून माझं स्पष्ट मत, हे झाड जमिनीत लावूच नये. अंगणात वाफे भरायचे असतील तर मोगरा आहे, तगर आहे, मेंदी आहे. ती आपलं ऊन ओळखतात. हायड्रेंजियाची फक्त एक कुंडी ठेवा. सिमेंटची नको, मातीची. सिमेंटमधून चुना झिरपतो. चुन्यानं रंगवलेल्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. कुंडीत लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि नारळाचा भुसा भरा, काळी माती अजिबात नको. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत मिळेल अशी पूर्वेची जागा, आणि मार्चपासून वर तुराट्यांचा ताटवा किंवा हिरवी जाळी.

दुपारी पानं मान टाकतात, तेव्हा घाबरून बादली ओतू नका. आधी मातीत बोट खुपसा. आत ओल असेल तर संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात. तहानेनं मरतात त्याहून कमी झाडं बुडून मरत नाहीत. आमच्या घरी वजूचं, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतल्याचं पाणी तसराळ्यात धरतात. त्यात साबण नसतो, पाचही वेळचं मिळून एका कुंडीला पुरून उरतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मात्र जड असतं. तेच सतत दिलं तर पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लाल्या ओळखणाऱ्या कास्तकाराला पान वाचायला शिकवावं लागत नाही, पण हा लाल्या नव्हे, ही लोहाची उपासमार. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पुडीवरच्या प्रमाणात द्यावं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवलं, तर ही वेळ उशिरा येते.

छाटणीच्या बाबतीत गुलाबाची रीत इथे चालत नाही. हायड्रेंजिया बहुधा गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतं. हिवाळ्यात कात्री चालवली की पुढची फुलं कापली गेली म्हणून समजा. फुलं सुकली की लगेच, त्यांच्या खालच्या ठसठशीत डोळ्यांपर्यंतच छाटा. शेळ्यांपासून आणि रांगत्या लेकरांपासून कुंडी उंचावर ठेवा. पानं-फुलं विषारी आहेत.

कलमं जुलैत करावीत. न फुललेल्या फांदीचा वीतभर तुकडा, खालची पानं काढलेली, वरची अर्धी कापलेली, ओल्या वाळूत सावलीला. महिनाभरात मुळं धरतात. गेल्या पावसाळ्यात माझी दोन कलमं जगली. एक शेजारच्या निवृत्त गुरुजींना दिलं. ते त्याला तुरटी घालणार म्हणतात. घालू देत.