अधिक भाद्रपद आणि एकोणीस वर्षांचे चक्र



भूम तालुक्यातील सिद्धक्षेत्र कुंथलगिरी येथे चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांची सल्लेखना 18 सप्टेंबर 1955 रोजी पूर्ण झाली. तिथी होती भाद्रपद शुद्ध द्वितीया. मात्र हा भाद्रपद त्या वर्षातील दुसरा, म्हणजे निज भाद्रपद होता. त्याआधी अधिक भाद्रपद होऊन गेला होता. असा अधिक भाद्रपद पुढे 1974, 1993 आणि 2012 साली आला. प्रत्येक वेळी अंतर एकोणीस वर्षांचे. हा योगायोग नव्हे, गणित आहे.

चंद्राच्या बारा महिन्यांचे सुमारे 354 दिवस होतात, तर सौर वर्षाचे 365. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरली नाही तर दशलक्षण पर्व पावसाळा सोडून उन्हाळ्या-हिवाळ्यात फिरत राहील. जीवरक्षणासाठी साधूंनी एका जागी राहण्याचा चातुर्मासही पावसापासून दुरावेल. म्हणून सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना अधिक धरला जातो. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही, तोच अधिक मास.

प्राचीन जैन ग्रंथ सूर्यप्रज्ञप्तीत पाच वर्षांचे युग सांगितले आहे. त्याचे दिवस 1830, सौर मास 60 आणि चांद्रमास 62. म्हणजे पाच वर्षांत दोन अधिक मास. या हिशेबात वर्ष 366 दिवसांचे, प्रत्यक्षाहून किंचित मोठे ठरते. एकोणीस वर्षांचे चक्र याहून सूक्ष्म आहे. 19 सौर वर्षांचे सुमारे 6939.6 दिवस, तर 235 चांद्रमासांचे सुमारे 6939.7. फरक केवळ दोन तासांचा! एकोणीस वर्षांचे नेहमीचे महिने 228. उरलेले सात अधिक मास. त्यामुळे एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

परंतु परत येणाऱ्या तिथीबरोबर संकटही परत येते काय? या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याच्या मातीने दिले आहे. 29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी झाली, दशलक्षण पर्वाची सांगता झाली, आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. हजारो जीव गेले. 2012 साली अनंत चतुर्दशी पुन्हा 29 सप्टेंबरलाच आली. भूकंप मात्र परतला नाही.

कारण स्पष्ट आहे. सूर्य-चंद्राच्या गती नियमित आहेत, म्हणून त्यांचे पंचांग मांडता येते. भूगर्भातील खडकांवर साचणाऱ्या ताणाचे पंचांग नाही. 1993 साली जीव घेतले ते तिथीने नव्हे. दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि त्यांवरील जड माळवदांनी. म्हणून श्रावकाने तिथीचे भय बाळगू नये, घराच्या बांधकामाची काळजी घ्यावी. व्रतासाठी पंचांग पाहावे, अमंगळ शोधण्यासाठी नव्हे.

पुढचा अधिक भाद्रपद 2031 साली येईल. आजच्या बालमित्रांनी 2012 मध्ये एकोणीस मिळवून तो स्वतः पडताळून पाहावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना ते गणित समजावून सांगावे.

जय जिनेंद्र.