गणितातले हृदय

मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, याची समीकरणे हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ साली मांडली. केंब्रिजचे गणकयंत्र त्या सुमारास फेरबदलासाठी बंद होते. हक्स्लींनी हाताने फिरवावयाच्या यंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली! १९६० मध्ये डेनिस नोबल यांनी लंडनच्या ‘मर्क्युरी’ गणकयंत्रावर, अपरात्री मिळालेल्या वेळात, हृदयपेशीचे स्पंदन उभे केले.

आज ‘ओपनकॉर’ ही आज्ञावली असली समीकरणे घरच्या संगणकावर सोडविते. ती ‘सेलएमएल’ या भाषेत लिहावी लागतात, आणि तेथे प्रत्येक राशीचे एकक सांगणे सक्तीचे आहे. हा जाच नव्हे. पूर्वी छापील निबंधात एखादे चिन्ह चुकले, की ते हृदय दुसऱ्या कोणाच्याही यंत्रावर धडधडत नसे.