गेले ते दिवस, पण कोणते?

'गेले ते दिवस, उरल्या त्या आठवणी' असं आपण सहज म्हणतो. पण त्यातल्या कोणत्या आठवणी उरल्या आणि कोणत्या गळल्या, याचा हिशेब फारसा कुणी ठेवत नाही. मला तो ठेवावासा वाटतो एका संगीतामुळे. त्याचं नाव हार्डकोअर पंक. १९८०च्या सुमारास अमेरिकेत, विशेषतः राजधानी वॉशिंग्टनमध्ये, ते जोरात होतं. वडिलांच्या नोकरीमुळे आमचं घर तेव्हा त्या शहराच्या उपनगरात होतं आणि मी शाळकरी वयात या मंडळींत ओढला गेलो. गाणारा-वाजवणारा म्हणून नव्हे. तिकिटं फाडणारा, स्पीकर उचलणारा, भिंतीवर पत्रकं चिकटवणारा म्हणून.

श्रोतेहो, हे संगीत कानाला गोड नव्हतं. मिनिट-दीड मिनिटाचं गाणं, सुसाट गिटार आणि घसा फुटेस्तोवर ओरडणारा गायक. बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा गट आधी जॅझ-फ्यूजन वाजवायचा; तो वेग त्यांनी दाखवला. पाठोपाठ शाळकरी पोरांचे गट निघाले. टीन आयडल्स हा त्यांतलाच एक. मोठी कंपनी आपल्याला दारात उभं करणार नाही, हे ओळखून या मुलांनी 'डिसकॉर्ड' ही स्वतःची कंपनी काढली. डिसेंबर १९८०मध्ये पहिल्या हजार तबकड्या निघाल्या. त्यांची वेष्टनं मुलांनीच कापली, घडी घातली, चिकटवली. आज त्या तबकडीसाठी संग्राहक शेकडो डॉलर मोजतात.

दुसरी अडचण वयाची. क्लब चालायचे दारूच्या विक्रीवर. अठराच्या आतल्या मुलांना आत कोण घेणार? टीन आयडल्सच्या मुलांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक युक्ती पाहिली होती, ती वॉशिंग्टनला आणली. लहान मुलांच्या हातांवर काळ्या मार्करने फुली मारायची. फुली दिसली की दारू द्यायची नाही. मुलंही आत, कायदाही शाबूत! पुढे मायनर थ्रेट या गटाच्या गाण्यातून 'स्ट्रेट एज' हा निर्व्यसनी राहण्याचा पंथ निघाला आणि फुली त्याची खूण बनली. आता ती टी-शर्टवर छापून विकली जाते.

२००५मध्ये तर नायकी कंपनीने मायनर थ्रेटच्या तबकडीचं मुखपृष्ठाची नक्कल करून आपल्या स्केटबोर्डिंग दौऱ्याची जाहिरात केली. ओरड झाल्यावर माफी मागून ती मागे घेतली. मला तेव्हा संताप आला. पण खरं सांगायचं तर आम्हा जुन्या मंडळींच्या गप्पांचंही मला तितकंच वावडं आहे.

कारण या गप्पांत काही गोष्टी येतच नाहीत. रंगमंचासमोरची धक्काबुक्की दरवर्षी वाढत गेली. दांडगे पुढे आले आणि मुली मागच्या भिंतीला सरकल्या. चॉक सर्कल हा मुलींचा गट १९८१मध्ये उभा राहिला. त्यांच्या गाण्यांचा संग्रह निघायला मात्र २०११ साल उजाडलं. या दांडगाईला विटूनच १९८५च्या उन्हाळ्यात काही जणांनी नवे गट काढले. दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर ढोल बडवून वर्णद्वेषाचा निषेध केला. पुढे फुगाझी या गटाने तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं. कुणी मारामारी केली, तर वाजवणं थांबवून, त्याचे पैसे हातावर ठेवून त्याला बाहेर काढलं. हे मात्र टी-शर्टवर छापता येत नाही.

एक गंमत सांगतो. जुन्या दिवसांची ओढ आणि त्याच ओढीवरचा संशय, अशा दोन्ही भावना असलेलं 'सॅलड डेज' हे गाणं मायनर थ्रेटने १९८३मध्येच ध्वनिमुद्रित केलं. चळवळ तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती! आणि २०१४मध्ये या चळवळीवर माहितीपट आला, त्याचं नावही 'सॅलड डेज'. तो पाहताना मी हळवा झालो, हे लपवत नाही. ते चेहरे माझ्या ओळखीचे होते.

त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पंकचा संग्रह सुरू केला. त्यात पत्रकं आहेत, छायाचित्रं आहेत, ध्वनिफिती आहेत. तिथे जाऊन नुसतं 'काय दिवस होते' म्हणणाऱ्यांशी माझं फारसं जमणार नाही. पण एखादी सतरा वर्षांची मुलगी तिथलं पत्रक पाहून विचारेल, की हॉल कसा मिळवला, भाडं कसं जमवलं, तिकीट इतकं स्वस्त कसं परवडलं? तिला मी सगळं सांगेन. आणि मुलींना मागे भिंतीशी का उभं राहावं लागायचं, तेही सांगेन. तिला तिच्या गावात तिचा कार्यक्रम करायचा आहे. तो आमच्यासारखा व्हावा, असा माझा मुळीच आग्रह नाही.