छायाचित्रातील सात माणसे
(लालबाग येथे एका क्रीडा मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'आपला खेळ, आपली संस्कृती' या विषयावर बोलावे, असा निरोप आला तेव्हा मी थोडा बिचकलो. 'आपली संस्कृती' हे शब्द हल्ली अशा आवाजात उच्चारले जातात की, ऐकणाऱ्याने त्या 'आपल्या'त आपण मोडतो की नाही हे आधी चाचपून पाहावे. म्हणून मी संस्कृतीपासून आरंभ न करता माझ्या वडिलांच्या गुडघ्यांपासून करतो.

वडील रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईस आले आणि गिरणीत साच्यावर लागले. प्रथम अर्थातच बदली कामगार म्हणून. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर जुन्या जखमांचे काळे वण होते. ते गिरणीतल्या अपघाताचे असावेत अशी आम्हा मुलांची समजूत होती. ते हुतूतूचे होते. (कबड्डी हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही.) एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत त्या काळात चाळीपुढचे मैदान ही चैनीची वस्तू नव्हती, ती घराचीच आणखी एक खोली होती. या खेळाला बॅट नको, चेंडू नको, बूट नकोत. चुन्याने आखलेल्या चार रेघा आणि छातीत दम असला की पुरे. गिरणगावाने हा खेळ उचलला, तो परंपरेच्या अभिमानाने उचलला असे मला वाटत नाही. परवडण्यासारखा तोच होता.

गेल्या वर्षी माझ्या नातीला शाळेत 'आमच्या घराण्याचा वारसा' या विषयावर वही करावयाची होती. वडिलांच्या ट्रंकेत तिला एक छायाचित्र सापडले. सात माणसे, उघडी अंगे, समोर एक ढाल. तिने विचारले, "आजोबा, यातले आपले कोण?"

मी वडिलांकडे बोट दाखविले. मग त्यांच्या डावीकडच्या उंच माणसाकडे माझे लक्ष गेले. संघातला तो सर्वांत चांगला चढाई करणारा, असे वडील सांगत. तो कताई खात्यात होता. साचेखात्यात त्याला जागा नव्हती. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकरांना चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली, तरी खात्याखात्यांतली ही विभागणी लगेच मोडली नाही.

कबड्डी हा सगळा स्पर्शाचा खेळ. शिवल्यावाचून गुण नाही, धरल्यावाचून पकड नाही. मैदानात वडील सरावाला त्या माणसाचा घोटा धरून त्याला मातीत लोळवीत. त्याचा घाम यांच्या अंगाला लागे. आणि तोच माणूस आमच्या खोलीवर आला की माझी आजी त्याला खिडकीत ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा देई. वडील त्या वेळी खाली पाहत बसत. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे.

नातीने विचारले, "हेही लिहू का?" मी म्हटले, लिही. वारसा म्हणून ढाल घ्यावयाची आणि कप खिडकीत विसरावयाचा, हा व्यवहार मला मान्य नाही. खेळाने जात मोडली, असे भाषण ठोकणे सोपे आहे. प्रत्यक्षात चाळीचाळींतले संघसुद्धा पुष्कळदा गाव आणि जात पाहूनच उभे राहत. मैदानाने एक शक्यता दाखविली, एवढेच. ती घरापर्यंत नेण्याचे काम माणसांचे होते, आणि आमच्या घरी ते फार उशिरा झाले.

आता 'राष्ट्रीय' या शब्दाविषयी. आपण ज्याला हुतूतू म्हणतो त्याला तमिळनाडूत चेडुगुडु आणि बंगालमध्ये हाडुडु म्हणतात. आपल्या देशाने कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. कबड्डीला तो मान दिला तो बांगलादेशाने. 2018 साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत इराणने आपल्या पुरुषांना उपान्त्य फेरीत आणि महिलांना अंतिम सामन्यात हरविले, तेव्हा आपल्याकडे केवढा आक्रोश झाला! त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मला त्या दिवशी पराभवाचे दुःख झाले, हे कबूल करतो. पण आपल्या मातीतले कसब एका मराठी बाईने परक्या मुलींना हातचे न राखता शिकविले, यात आपल्या खेळाचा अपमान कोठे झाला, हे मला अद्याप उमगलेले नाही. सुवर्णपदके पुढे 2023 मध्ये हांगझौ येथे परत आलीच.

परत यावयाची नाही ती जमीन. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना पुन्हा साचा दिसला नाही. 1991 च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी, अशी वाटणी होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, केवळ बांधकाम नसलेल्या जागेची करावयाची ठरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. एका उपवाक्याच्या फेरफाराने शहराची केवढी मैदाने गेली! आज प्रकाशझोतात, मॅटवर, दूरचित्रवाणीवर कबड्डी खेळली जाते. खेळाडूंना पैसा मिळतो. तो मिळावाच, माझ्या वडिलांना ढालीपलीकडे काही मिळाले नव्हते. पण संस्कृतीचे गोडवे गाणारे सत्ताधारी या मुलांना तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद जागा देऊ शकत नाहीत. आपल्या मंडळाच्या मुली आज सरावासाठी गच्चीवर जातात, आणि पडल्या तर सिमेंटवर पडतात.

मैदानाच्या मागणीचा ठराव थोड्याच वेळात आपल्यापुढे येईल. त्यावर आपण सह्या कराव्यात. ते छायाचित्रही मी बरोबर आणले आहे. ते मागच्या टेबलावर ठेवले आहे. सातांपैकी तिघांची नावे नातीच्या वहीत लिहून झाली आहेत. सभेत जुनी मंडळी बरीच दिसतात; त्यांनी जाण्यापूर्वी ते एकदा पाहावे, उरलेल्या चौघांपैकी कोणी ओळखू येते का ते सांगावे.