विद्यार्थ्यांचा शीण आणि कॉफीचा पेला

फेब्रुवारी महिना जवळ आला कीं महाराष्ट्रांतील हजारों घरांत रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळूं लागतात. दहावी-बारावीचीं मुलें पुस्तकांत डोकें घालून बसलेलीं असतात आणि अकराच्या सुमारास आई हलक्या पावलांनीं येऊन कॉफीचा पेला मेजावर ठेवून जाते. त्या पेल्यांत माया असते यांत संशय नाहीं; परंतु मायेखेरीज त्यांत आणखी काय असतें आणि तें पंधरा-सोळा वर्षांच्या शरीरांत शिरून काय करतें, याची चौकशी त्या धांदलीच्या दिवसांत सहसा कोणी करीत नाहीं.

मराठी घर मुळांत चहाचें. कॉफी त्यांत आली ती उपासाच्या दिवशीं किंवा पाहुण्यांच्या निमित्तानें, भरपूर दूध-साखर घालून आणि वर जायफळ घासून. जायफळाची ख्याति झोप आणणारें म्हणून. तेव्हां झोप उडविणाऱ्या पेयांत झोप आणणारी वस्तु मिसळून पिणाऱ्या त्या पिढीचा समतोलपणा वाखाणण्याजोगाच होता! आजची गोष्ट निराळी आहे. पाण्यांत तत्काळ विरघळणारी पूड घरोघरीं आली, आणि थकवा घालविण्याचें आश्वासन देणारीं डबाबंद पेयें कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळूं लागलीं.

कॉफीचें सारें सामर्थ्य कॅफीन नांवाच्या द्रव्यांत आहे. रुंग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं तें कॉफीच्या बियांतून वेगळें काढलें. मनुष्य जागा असतो तोंवर त्याच्या मेंदूंत अडेनोसिन नांवाचें दुसरें एक द्रव्य हळूहळू सांचत जातें. मेंदूच्या पेशींवर त्याच्या ठराविक जागा असतात. तेथें तें जाऊन बसलें कीं शीण जाणवतो आणि डोळे मिटूं लागतात. कॅफीनचा घाट अडेनोसिनशीं इतका मिळताजुळता आहे कीं, तें आधींच येऊन त्या जागा अडवून बसतें. अडेनोसिन नाहींसें होत नाहीं. तें बाहेर तिष्ठत राहतें, आणि कॅफीन उठून गेलें कीं साऱ्या शिणाचा तगादा एकदम सुरू होतो. तेव्हां कॉफी थकवा घालविते हें बोलणेंच खरें पाहतां चुकीचें आहे. ती थकव्याची बातमी दडवून ठेवते.

ही बातमी किती वेळ दडून राहते? प्रौढ माणसाच्या रक्तांतील कॅफीन निम्में होण्यास सरासरीनें सुमारें ५ तास लागतात. रात्रीं नऊ वाजतां १०० मिलिग्रॅम कॅफीन पोटांत गेलें, तर दोन वाजतां त्यांतील ५० शिल्लक असतें आणि सकाळीं सात वाजतां २५ उरतें. २०१३ सालीं अमेरिकेंत प्रौढांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निजण्यापूर्वीं सहा तास ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलें असतां झोप एक तासाहून अधिक घटली. मात्रा मोठी होती हें कबूल. पण विशेष असें कीं, झोपणारांना स्वतःला ती घट फारशी जाणवली नव्हती. दिवसा वाचलेलें मनांत पक्कें बसतें तें बव्हंशीं झोपेंत. म्हणजे ज्या अभ्यासासाठीं पेला रिकामा केला, त्याच अभ्यासाचा कांहीं भाग पेल्याबरोबर वाहून जातो.

येथें वयाचा मुद्दा येतो. किशोरवयांत शरीराचें घड्याळच पुढें सरकतें. झोपेची सूचना देणारें मेलाटोनिन या वयांत उशिरा पाझरूं लागतें, हें मेरी कार्स्काडन या अमेरिकन विदुषीच्या संशोधनानें चांगलें उजेडांत आलें आहे. मुलगा साडेदहाला निजत नाहीं आणि पहांटे उठवत नाहीं, यास वडीलधारीं माणसें आळस म्हणतात. वस्तुतः तो वयाचा धर्म होय. अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीं ८ ते १० तासांची झोप आवश्यक ठरविली. बारा वाजतां निजून साडेपांचला उठणाऱ्या मुलाचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. अशा मुलाला संध्याकाळीं कॉफी दिली कीं झोप आणखी पुढें ढकलली जाते, दुसऱ्या दिवशीं शीण वाढतो, आणि त्या शिणासाठीं पुन्हा कॉफी लागते. सवय जडल्यावर एखादा दिवस ती चुकली तर डोकें ठणकूं लागतें तें वेगळेंच.

मुलींच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे आणि ती अधिक गंभीर आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं सुमारें ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. मुलग्यांमध्यें हें प्रमाण ३१ टक्के होतें. रक्तक्षयाचें पहिलें लक्षण थकवा. आतां, जेवणाबरोबर घेतलेली कॉफी अन्नांतील लोह रक्तांत शोषूं देत नाहीं. १९८३ सालच्या एका प्रयोगांत एका पेल्यानें हें शोषण ३९ टक्क्यांनीं घटलें आणि चहानें तर ६४ टक्क्यांनीं. जेवणानंतर तासाभरानें कॉफी घेतली तरी तोटा तितकाच. जेवणापूर्वीं एक तास घेतली तर मात्र कांहीं बिघडलें नाहीं. तेव्हां सदोदित थकलेल्या मुलीच्या हातीं पेला देण्यापूर्वीं तिचें रक्त तपासून घ्यावें हें उत्तम.

कॉफीनें उंची खुंटते किंवा चहानें मूल काळें होतें, या समजुतींना मात्र आधार नाहीं. कॉफी हें विष नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१५ सालीं मुलांसाठीं दिवसाला वजनाच्या दर किलोमागें ३ मिलिग्रॅम कॅफीन निर्धोक मानलें. ५० किलो वजनाच्या मुलास हें १५० मिलिग्रॅम होतात. घरगुती पेल्यांत साधारण ६० ते १०० असतात, आणि दिवसाचा चहाही याच हिशेबांत धरावा लागतो. सकाळीं एक पेला आवडीनें घेतला तर कोणी डोळे वटारण्याचें कारण नाहीं. दुपार टळल्यावर तो नको, आणि डबाबंद पेयें तर मुळींच नकोत. त्यांच्या डब्यांवर बारीक अक्षरांत मुलांसाठीं नव्हे असें छापलेलें असतेंच.

शिणाचें मूळ अर्थात् पेल्यांत नाहीं. कॅलिफोर्नियांत २०२२ सालापासून माध्यमिक विद्यालयें साडेआठच्या आधीं भरवूं नयेत असा कायदा अमलांत आला. महाराष्ट्र सरकारनेंही फेब्रुवारी २०२४ मध्यें शाळांनीं नऊपूर्वीं वर्ग भरवूं नयेत असें फर्मान काढलें. पण तें चौथीपर्यंतच्या मुलांपुरतें. ज्यांचें घड्याळ खरोखर पुढें सरकलेलें असतें, त्या अकरावी-बारावीच्या मुलांचे वर्ग पुष्कळ ठिकाणीं सकाळीं सातलाच भरतात, आणि त्यांना तेथवर जागें करून नेण्याचें काम अजून कॉफीवर सोंपविलेलें आहे.