चंद्रभागेचें पाणी आणि जगाचे कायदे

आषाढी एकादशीस पंढरपुरांत लक्षावधि वारकरी जमतात. विठ्ठलाच्या दर्शनाआधीं चंद्रभागेचें स्नान आणि ओंजळभर तीर्थ, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्या ओंजळींतलें पाणी मात्र दूरवरून येतें. भीमाशंकरीं उगम पावलेली भीमा, पुण्याचें सांडपाणी घेऊन आलेल्या मुळा-मुठेला वाटेंत पोटांत घेते, उजनीच्या धरणांत थबकते, पुढें नीरेला भेटते आणि पंढरपुरास अर्धचंद्राकार वळण घेऊन चंद्रभागा होते. पंढरीच्या पाण्याची शुद्धता एकट्या पंढरीच्या हातीं नाहीं, हें यावरून उघड आहे.

या नदीला लागू असलेले नियम वाचले, म्हणजे एका गोष्टीचें नवल वाटतें. इंग्लंड-अमेरिकेंतील नद्यांचे नियम त्यांच्याशीं पुष्कळ अंशीं जुळतात. भाषा निराळी, हवा निराळी, नदी निराळी. मग कायद्याचा सांचा एक कसा?

पहिलें कारण भय. १८६५ सालीं मक्केच्या यात्रेंत पटकीची साथ उद्भवली आणि मिसरमार्गें युरोपांत पोंचली. दुसऱ्याच वर्षीं कॉन्स्टँटिनोपल येथें आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचें माहेर हिंदुस्थान असून यात्रा हें तिच्या प्रसाराचें मोठें साधन आहे, असा निर्णय तेथें झाला. तेव्हांपासून येथील यात्रा ही परक्या देशांच्याही काळजीची बाब झाली. यात्रास्थळांची सफाई, पिण्याच्या पाण्याची सोय, विसाव्या शतकांत वारकऱ्यांना लस टोचणें, हे उपाय त्याच ओघांत आले. मात्र कडक क्वारंटाइनला इंग्रज सरकार दीर्घकाळ विरोध करीत राहिलें. कारण त्यानें व्यापार अडला असता. नियम एकसारखे होतात ते केवळ सद्बुद्धीनें नव्हे. भय आणि हितसंबंध यांच्या ओढाताणींतून ते घडतात.

दुसरें कारण तयार मापाची सोय. सांडपाण्यांतील घाण कुजतांना पाण्यांतला किती प्राणवायु खाऊन टाकते, यावरून त्याचा दोष मोजतात. इंग्लंडच्या शाही सांडपाणी आयोगानें १९१२ सालीं यासाठीं पांच दिवसांची कसोटी ठरविली आणि आजच्या हिशेबानें दर लिटरमागें २० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. हें माप पुढें जगभर पसरलें. कांहीं देशांनीं आंकडा बदलला, पण मोजण्याची रीत तीच राहिली. अमेरिकेंत नगरांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यास सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅमची. भारतांत नदींत सोडावयाच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादाही तीच ठरली. येथील उष्ण हवा ध्यानांत घेऊन पांच दिवसांऐवजीं २७ अंशांवर तीन दिवसांची कसोटी आली, एवढाच फरक. नवें माप शोधण्यास वर्षें लागतात. शेजाऱ्याचें माप उचलण्यास एक अधिसूचना पुरते.

तिसरें कारण शेजाऱ्याशीं होणारी तुलना. एका मुलुखांत नियम कडक आणि शेजारीं सैल असले, तर कारखाना सैल मुलुखाकडे वळण्याचा संभव असतो. महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ सालींच केला होता. १९७२ सालीं स्टॉकहोम येथें ११३ राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. भारतीय संसदेनें जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालीं केला. आपला कायदा आधीं असूनही महाराष्ट्रानें १९८१ सालीं हा केंद्रीय कायदा स्वीकारला. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या प्रास्ताविकांत तर स्टॉकहोमचा स्पष्ट उल्लेख आहे.

या साम्याचा लाभ पंढरपुरासारख्या खालच्या गांवास विशेष आहे. वरच्या मोठ्या शहरास एकट्यानें जाब विचारण्याचें बळ त्याच्या अंगीं नसतें. ‘आमच्या देवाची नदी’ हा भावनेचा आधार झाला; ‘ठरलेल्या मापापेक्षां घाण अधिक’ हा न्यायासनापुढें टिकणारा आधार झाला.

परंतु उसन्या मापाबरोबर त्याची अट विसरतां कामा नये. १९१२ च्या आयोगानें आपला आंकडा देतांना गृहीत धरलें होतें कीं, सांडपाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी नदींत वाहत असेल. इंग्लंडांत पाऊस बाराही महिने पडतो. भीमेस पावसाळ्याचे चार महिने. एरव्हीं उजनींतून पाणी सुटेल तेवढाच तिचा ओघ. जेथें मिसळावयास पाणीच नाहीं, तेथें मर्यादेंत बसणारें सांडपाणीही नदीला घाण करूं शकतें. शिवाय, वारीच्या दिवसांत लहानशा नगरीवर पडणारा भार कोणत्याही परदेशी कोष्टकांत बसत नाहीं. यात्रेनंतरची घाण सफाई कामगारांनीं हातानें उपसावी, हें तर कोणत्याच कायद्यास शोभणारें नाहीं. डोक्यावरून व हातानें मैला वाहण्यास मनाई करणारा कायदा १९९३ सालीं व त्याहून व्यापक कायदा २०१३ सालीं झाला. तो पाळण्यासाठीं पुरेशीं शौचालयें वारीच्या वाटेवरच उभीं राहावीं लागतात.

कायद्याचा सांचा जगानें द्यावा, त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु त्यांत ओतावयाचा हिशेब भीमेच्या कांठींच मांडला पाहिजे: उन्हाळ्यांत पाणी किती, वारींत माणसें किती, वरच्या शहराची जबाबदारी किती. हा हिशेब झाला, तरच वारकऱ्याच्या ओंजळींतलें तीर्थ त्याला निर्धास्तपणें पितां येईल.