घेरी, मूर्च्छा आणि मद्यपान



सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात एखादा मद्यपी घेरी येऊन कोसळला, की ‘जास्त झाली आहे, उतरेल’ असे म्हणून त्याला निजू देतात. त्यात उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. उपाशीपोटी मद्य घेतल्याने रक्तातील साखर घटलेली असते, हृदयाचे ठोके अनियमित झालेले असतात, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव झालेला असतो किंवा पडताना लागलेल्या माराने मेंदूभोवती रक्त साकळत असते. बाहेरून दिसते ती केवळ मूर्च्छा.

नित्य पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. म्हणून व्यसनत्यागाचा संकल्प वैद्यकीय देखरेखीखालीच पार पाडावा. व्यसन हा उपचारसाध्य आजार आहे, या जाणिवेनेच डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या ‘परिवर्तन’ संस्थेने साताऱ्यात व्यसनमुक्तीचे कार्य उभे केले.

बेशुद्ध रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात पाणी घालू नये, कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर कळवावे. रक्तातील साखर बोटाच्या एका थेंबावरून तत्काळ कळते. आपल्या देणगीचे मोल अशा साध्या तपासणीतच प्रत्ययास येते.